कोपरा फाडलेलं कार्ड

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की मध्येच कुठेतरी तुमचं हसू अडकेल, आणि मग म्हणाल, "भाऊसाहेब, हा कसला किस्सा?" पण किस्साच आहे हा. माझ्या गाढवपणाचा आहे. आणि आपला गाढवपणा आपणच सांगितलेला बरा. आमच्या गल्लीतले लोक सांगतात तेव्हा त्यात मी याहून मोठा गाढव असतो.

तर ऐका. तो चहा निवू द्या जरा.

मी नगरच्या कोर्टात कारकून. घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि ओट्याला लागून एक स्वतंत्र खोली. ही पुढची खोली आम्ही चार-आठ दिवसांच्या बोलीवर द्यायचो. कोणाला? ज्यांचं माणूस दवाखान्यात पडलंय त्यांना. कर्जतहून यायचे, जामखेडहून यायचे, पार डोंगरापलीकडून यायचे. रोग्याला निदान खाट तरी मिळते हो, बरोबरच्यांनी कुठे पडायचं?

आता परका माणूस घरात घ्यायचा म्हणजे पारखून घ्यायला नको? आणि पारखायला माझ्यासारखा लायक दुसरा कोण? बारा वर्षं साक्षीदारांच्या जबान्या उतरवतोय! खोटं बोलणारा माणूस उत्तर द्यायच्या आधी टोपी सारखी करतो, हे मला वकिलांच्या आधी कळतं. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

मी ओट्यावर टेबल मांडायचो. वही, दौत, पेन. समोर पाहुणा उभा. नाव? गाव? वडिलांचं नाव? सोयरे कुठले? नगरात ओळखीचं कोण? रोगी कोण, नातं काय, रोग लागट आहे का? पुढे, गावचा पोलीस पाटील कोण, शेजारी कोण, शेजाऱ्याशी बरं आहे का?

कुसुम, म्हणजे आमच्या घरच्या, आतून कपाळाला हात लावायच्या. "अहो, त्याची आई तिकडे धाप लागून पडलीय, आणि तुम्ही त्याच्या मावशीचं सासर कसलं विचारताय?"

"तू मध्ये बोलू नकोस. जबानी चालू आहे."

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? तर त्याला कारण होतं. आदल्या वर्षी एक जोडपं राहून गेलं. भाऊ-बहीण म्हणून राहिले. आठव्या दिवशी दारात पोलीस! बहीण कसली, तो दुसऱ्याची बायको घेऊन आला होता. कोर्टातल्या साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोर्टाचा माणूस आणि घरात हे? परत असं कानावर आलं तर नोकरीचा विचार करावा लागेल." तेव्हापासून माझ्या वहीतले प्रश्न दुप्पट झाले.

आणि मग आला तो बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडतायत, घराघरांत रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. दवाखाना तर ओसंडून चाललेला. अशात एके दुपारी रंगनाथ दारात उभा राहिला. तिशीचा गडी, गालफडं बसलेली, हातात एक गाठोडं. गाव जामखेडच्या पुढचं; पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यातच काढलेले.

"दवाखान्यात कोण आहे?" मी.

"घरचं मानूस."

"घरचं म्हणजे? आई? बहीण?"

"न्हाई जी. घरचं मानूस. मंडळी."

"बायको म्हणा ना सरळ! नाव काय तिचं?"

त्याने मान खाली घातली. आणि काय केलं असेल त्याने? टोपी सारखी केली!

"नाव विचारतोय मी."

"आता बाईमानसाचं नाव... आसंल की काय बी."

"असेल? तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठावं हाय जी. पन..."

आता तुम्ही म्हणाल, अहो भाऊसाहेब, जुन्या चालीचा माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, एवढं कळलं नाही तुम्हाला? कळत होतं हो! मी स्वतः कोणता मोठा नाव घेणारा? लग्नाला चौदा वर्षं झाली, घरात "अगं" आणि बाहेर "आमच्या घरी". आता तुमच्यासमोर कुसुम-कुसुम करतोय, त्याचंही कारण पुढे येईल. पण वही पुढ्यात असली की मला काय होतं कोण जाणे, जे घरात कळतं ते टेबलावर कळत नाही.

मी नाही म्हणणार, तेवढ्यात कुसुम बाहेर आली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "पाणी मागच्या पिंपातलं घ्या. जपून वापरा." झालं! निकाल लागला. माझी वही तशीच उघडी राहिली.

पण किडा वळवळायला लागला होता. दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. बायकांच्या वॉर्डात, रंगनाथने सांगितलेल्या खाटेजवळ, कोणाला तरी शोधतोय असं दाखवत. खाटेला कागद लावलेला होता. त्यावर नाव कौसाबाई, पुढे मारुती, आणि आडनाव भलतंच! रंगनाथचं आडनाव माझ्या वहीत, इथे दुसरंच. मारुती कोण? कौसाबाई मारुतीची, तर मग रंगनाथची कशी? माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पुन्हा तेच! पुन्हा पोलीस, पुन्हा साहेबांचा चष्मा.

रंगनाथला सरळ विचारलं असतं तर? एका वाक्यात उलगडा झाला असता. दाखल करताना तो औषध आणायला बाहेर गेला होता. कौसाबाई काही केल्या नवऱ्याचं नाव घेईना, तेव्हा नर्स वैतागून म्हणाली, "बापाचं तरी सांग," आणि तिने बापाचं लिहून घेतलं. इकडे हा बायकोचं नाव घेईना, तिकडे ती नवऱ्याचं. दोघंही आपल्या जागी बरोबर, आणि मध्ये मी शहाणा.

घरी येऊन कुसुमला सांगितलं, तर ती उलट माझ्यावरच घसरली. "तिच्या पोटात गाठ आहे. अंगात रक्त नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तीन बाटल्या रक्ताची सोय करा, मग चिरते. ह्याचं जुळलं नाही. हप्त्यात झालं तर झालं, नाहीतर बाई हाताची गेली. त्याने कंपाउंडरकडून गावी दोन पत्रं लिहवून पाठवली, माणसं पाठवा म्हणून. कोणी येत नाही. तो रोज स्टँडवर जाऊन जामखेडची गाडी बघतो आणि रिकामा परत येतो."

"कोणी येत नाही! ऐकलंस? स्वतःची बायको असती तर गाव आलं नसतं का?"

"उद्या मी पडले की कळेल कोण येतं ते," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

आता पुराव्याशिवाय मी गप्प बसणार होय? ठरवलं, त्याच्या गावच्या पोलीस पाटलाला कार्ड टाकायचं. पण अडचण होती. त्या गावाला पोस्टमन जायचा आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. कार्ड जाणार, पाटील उत्तर देणार, ते परत येणार, तोवर रंगनाथ बाई घेऊन पसार! मग चौकशी कसली, नुसतं टपालच.

आणि इथे, मंडळी, माझ्या डोक्यात उजेड पडला. जे कार्ड पोस्टमन बाजाराच्या दिवसापर्यंत ठेवत नाही, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती देऊन त्याच दिवशी पोचतं करतो, असं कार्ड कोणतं?

बरोबर. कोपरा फाडलेलं.

मयताचं कार्ड. कोपरा फाडलेला दिसला की टपालवालासुद्धा ते घाईने पुढे सरकवतो. मी म्हटलं, काय हरकत आहे? पोचेल झपकन. पाटील वाचेल, आत चौकशीचा मजकूर बघून हसेल, लगोलग उत्तर धाडेल. कोर्टाच्या भाषेत झकास मजकूर लिहिला. "आपले गावचा इसम नामे रंगनाथ, याजसोबत असलेली स्त्री नामे कौसाबाई, हिचेबाबत खरी हकीगत तातडीने कळवावी." खाली सही, पत्ता. आणि पट्टी लावून कोपरा फाडला. अगदी सरळ रेषेत. मला आजही आठवतं, फाडल्यावर मी ते कार्ड लांब धरून बघितलं होतं, नीट फाटलंय ना म्हणून.

माझ्या एवढ्या मोठ्या डोक्यात दुसरी अर्धी गोष्ट आलीच नाही. असलं कार्ड कोणी घरात नेत नाही. उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्या वाचतात आणि तिथल्या तिथे फाडून टाकतात.

मला नंतर कळलं ते असं. कार्ड दुसऱ्या दिवशीच पोचलं. पाटील रस्त्याच्या कामावर. शाळा बंद, मास्तर आपल्या गावी. पाटलिणीने लांबूनच कार्डाचा कोपरा बघितला आणि किंचाळली. कोणीतरी दुसरी-तिसरी शिकलेला पोरगा धरून आणला. त्याने अक्षरं जुळवत वाचलं, "रं-ग-ना-थ... कौ-सा-बा-ई..." बास! पुढचं कोणाला हवं होतं? नगरहून आलंय, कोपरा फाडलाय, कौसाचं नाव आहे. पोराकडून खालचा पत्ता तेवढा वाचून घेतला, कार्डाचे चार तुकडे झाले आणि गावात रड सुरू झाली.

त्यानंतरच्या सकाळी मी कोर्टात. एका दिवाणी दाव्याची जबानी उतरवत होतो. शिपाई आत आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"भाऊसाहेब, घरी चला."

"का रे?"

"तुमच्या दारात बांबू उतरलेत."

"कसले बांबू?"

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "मडकं बी हाय. गवऱ्या बी हायती."

सकाळी मी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवून आलो होतो. कुसुम काही बोलली नव्हती, नुसती उभी होती. मला दुसरं काही आठवेना. ते ताट आणि ती उभी.

मी पळालो. पेन हातातच. एक चप्पल कोर्टाच्या पायऱ्यांवर राहिली ती राहिलीच. वाटेत एक दुकानदार फळीवरून उतरून उभा राहिला, त्याने हात जोडले. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, सावकाश!" सावकाश! तेवढ्या वाटेत मी देवाला काय काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो की मीठ कितीही जास्त झालं तरी चालेल, असंही त्यात होतं.

गल्लीत वळलो. खरंच, भिंतीला दोन लांब बांबू टेकवलेले. सुतळीचं भेंडोळं, मडकं, पोतंभर गवऱ्या. ओट्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत. खाली मुंडासं बांधलेले सात-आठ गडी उकिडवे बसलेले, आणि त्यांच्याबरोबर धोकटी घेतलेला न्हावी! शेजारीपाजारी आपापल्या दारात तोंडाला पदर लावून.

आणि त्या गर्दीत पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती कोण? आमची कुसुम!

"कुसुम!" मी ओरडलो आणि सगळ्यांसमोर तिचा हात धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत नाव घेतलं. तेव्हापासून सुटलं ते सुटलंच.

"अहो, काय हे? सोडा!" ती लाजून चूर. मग हळू आवाजात म्हणाली, "ही रंगनाथच्या घरची माणसं. कौसाबाई गेली म्हणतात. कार्ड आलं म्हणे. मी सकाळीच भाकरी देऊन आले हो तिला. चांगली बोलत होती!"

तिचं बोलणं ऐकून रंगनाथची म्हातारी आई छाती बडवायला लागली. "चांगली बोलत हुती आन् ग्येली! माझे बाये ग!" एका काखेत तिने हिरवं लुगडं आणि चुडा घट्ट धरला होता, सवाष्णीला नेसवून पोचवायला आणलेला. दुसऱ्या हाताला चार वर्षांची नात. पोरीला न्हाऊ घालून, केसांना तेल लावून आणलं होतं.

बरं वाटलं का मला? हो, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा बरंच वाटलं. कुसुम जिवंत आहे एवढंच कळत होतं. मग हळूहळू दुसरं कळायला लागलं.

रंगनाथचा धाकटा भाऊ लहानू पुढे आला. "मालक, कार्ड कुनी धाडलं? तुमचाच पत्त्या हुता त्यावर. त्यो पत्त्या इचारत आलो."

गप्प बसता आलं असतं. पण कुसुम माझ्याकडे बघत होती.

"मी," म्हटलं. "पण कौसाबाई जिवंत आहे. अगदी जिवंत आहे."

ओट्यावरची रड एकदम थांबली.

"मंग कार्डात काय लिवलं हुतं?"

"की... रंगनाथ माणूस कसा आहे. तेवढंच विचारलं होतं."

लहानू माझ्याकडे बघत राहिला. "आन् त्ये इचारायला कोपरा फाडला?"

"लवकर पोचावं म्हणून."

"पोचलं की लवकर," न्हावी म्हणाला.

मला वाटलं होतं शिव्या देतील, मारतील. त्यांनी काहीच केलं नाही. म्हातारीने तर विश्वासच ठेवला नाही. "मला दावा," एवढंच म्हणत राहिली, "मला दावा ती." चला म्हटलं दवाखान्यात. बांबू इथेच राहू द्या म्हणावं, तर समोरचे शेजारी दारातून ओरडले, "ते अपशकुनी लाकूड आधी उचला इथून!" मग काय, गड्यांनी मुकाट्याने बांबू खांद्यावर घेतले. पुढे मी एका चप्पलेने, मागे बांबू, त्यामागे बायका. बघणारे वाटेतून बाजूला व्हायला लागले. एकाने टोपी काढली.

आणि दवाखान्याच्या फाटकातच समोरून रंगनाथ आला! हातात इंजेक्शनची बाटली, बाहेरच्या दुकानातून आणलेली.

त्याने बांबू बघितले. भाऊ बघितला. आईच्या काखेतलं हिरवं लुगडं बघितलं. हातातली बाटली खाली पडून फुटली आणि तो तिथेच बसला.

"मी आत्ता तिला पानी पाजून ग्येलतो," तो म्हणाला. "आत्ता."

त्याला उठवून "अरे ती आहे, ती आहे" हे पटवायला आम्हाला चारजण लागले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला शब्द कळत नव्हते. मी कोर्टात फाशीची शिक्षा ऐकणारी माणसं पाहिली आहेत. त्यापुढे मी जास्त काही सांगत नाही.

वॉर्डात कौसाबाई उशीला टेकून बसली होती. कागदासारखी पांढरी. तिने दारात उभी राहिलेली माणसं मोजावी तशी एकेक बघितली. सासू, दीर, चुलत जावा, भावकीतले गडी, न्हावी. मग लुगड्याकडे बघितलं. ती शहाणी बाई, तिला कोणी सांगावं लागलं नाही.

"मला न्यायला आलायसा व्हय?" ती म्हणाली.

म्हातारी तिच्या पायाशी पडून रडायला लागली. लहानू खाली बघत म्हणाला, "वयनी, कार्ड आलं..."

"त्याच्याआदी दोन पत्रं आली न्हाईत?"

"आली. पन कामावरची हजेरी बुडत हुती. मुकादम नाव काढून टाकतो." तो थांबला. "मयताला सुट्टी मिळती."

कौसाबाईने पदराने तोंड पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "आता आलाच हायसा, तर रगात देऊन जा."

हसलात ना? मीसुद्धा हसलो होतो तेव्हा, भलत्या वेळी. कुसुमने डोळे वटारले.

पण त्या खोलीत एकच माणूस असं होतं ज्याला यातलं काही पटलं नाही. म्हातारीच्या हाताला धरलेली ती पोरगी. तिला गावात सांगितलं होतं, आई देवाघरी गेली. कौसाबाईने दोन्ही हात पुढे केले, "ये ग." पोरगी आजीच्या लुगड्यात शिरली. "ती न्हाई," म्हणाली. "आई मेली." किती समजावलं! खाऊ दाखवला, रागावलं. ती आईकडे बघेचना. कौसाबाईचे हात तसेच पुढे राहिले, मग तिने ते हळूच मांडीवर घेतले. दोन दिवस आधी तिला पोरगी दिसली असती तर ती धावत गळ्यात पडली असती. हे मी केलं होतं. पट्टी लावून.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. एकेकाच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली, आणि निम्म्यांना तिथूनच परत पाठवलं. "यांच्या अंगात त्यांनाच पुरेल एवढं रक्त नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू दुष्काळही मीच पाडला होता. उरलेल्यांतून जुळलं दोघांचं. एक लहानूचं, दुसरं न्हाव्याचं.

"न्हाव्याचं रगात?" भावकीतला एक म्हातारा पुटपुटला.

"तुमचं दिताय का?" कौसाबाई खाटेवरून म्हणाली. म्हातारा मागे सरकला. न्हाव्याने मात्र धोकटी बाजूला ठेवली, बाही वर केली आणि म्हणाला, "डोस्की करायला आणलं हुतं मला. ह्ये बरं."

तिसरी बाटली राहिली. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी बाही वर केली. मनात म्हटलं, चला, निदान इथे तरी फेडू. डॉक्टरीणबाई वही घेऊन समोर बसल्या. वय? झोप लागते का? घरात कोणाला क्षय? दम लागतो का? मी धडाधड उत्तरं देत होतो.

"कावीळ झाली होती कधी?"

"झाली होती. मागल्या उन्हाळ्यात."

त्यांनी वही मिटली. "तुमचं चालणार नाही. उठा."

"अहो, पण मी बरा झालोय! विचारा आमच्या घरी!"

"उठा," त्या म्हणाल्या. "पुढचं कोण?"

पुढे कुसुम उभी होती. तिने आधीच हातातल्या बांगड्या वर सारल्या होत्या. तिचं जुळलं. मी तिला नको म्हणालो, हो, म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला रक्त बघवत नाही." आणि खरं सांगू? बघवलं नाहीच. बाटली भरताना मी दारातून एकदा डोकावलो आणि पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा बाहेरच्या बाकावर आडवा, आणि लहानू, स्वतः नुकतंच रक्त दिलेला लहानू, मला टॉवेलने वारा घालत होता.

ऑपरेशन झालं. कौसाबाई वाचली. माणसं परत गेली, बांबूसकट. एस.टी.चा कंडक्टर ते गाडीवर चढवू देईना, तर मीच मध्ये पडून त्याची समजूत काढली. शेवटी तेवढंच माझ्या हातून झालं.

रंगनाथ निघताना माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या दोन पत्रांनी जे झालं न्हाई, त्ये तुमच्या येका कार्डानं झालं." त्याने मनापासून म्हटलं. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री नीट जेवलो असतो. एक माणूस जिवंत असताना ज्या हाका गावाला ऐकू आल्या नाहीत, त्या मेल्याच्या नावाने ऐकू आल्या, याचं श्रेय घेऊ मी? आणि घरी परत गेल्यावर गावातल्या काही बायका कौसाबाईला हळदीकुंकवाला बोलवेनात, जिच्या नावाने रडून झालं तिला सवाष्ण म्हणून कसं बसवायचं, म्हणून! ते नंतर वर्षभर चाललं. तेही माझ्याच खात्यावर.

वर्षाने ती तपासणीसाठी आली. रंगनाथ होता, पोरगीही होती बरोबर. पुढची खोली कुसुमने आदल्या दिवशीच झाडून ठेवली होती. कौसाबाई भरली होती अंगाने, तोंडावर रंग आला होता. पोरगी आता आईकडे जात होती. जात होती म्हणजे काय, सोडतच नव्हती. आईच्या पदराचं टोक तिने मुठीत धरलेलं. आई पाणी प्यायला उठली की ही उठायची, आई बसली की ही बसायची. "झोपंतबी सोडत न्हाई," कौसाबाई हसत म्हणाली. "म्हनती, ग्येलीस तर?"

मी ओट्यावर बसलो होतो. पुढ्यात टेबल, वही. पोरीशी गोडीगुलाबीने काहीतरी बोलावं म्हणून मी जवळ वाकलो आणि विचारलं, "नाव काय ग तुझं, बाळ?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिने दुसऱ्या हाताने आईचं तोंड दाबलं.

"आये, सांगू नगंस! ह्यो लिवतो!"

कोणी हसलं नाही. कुसुमने टेबलावरची वही उचलली आणि आत नेली. तेव्हापासून खोली कोणाला द्यायची ते तीच बघते. मी फक्त आलेल्याला पाणी आणून देतो, आणि नाव विचारत नाही.